दात आधी, हत्ती मागून

घारापुरी बेटाला साऱ्या जगात ज्या नावाने ओळखतात ते ‘एलिफंटा’ हे नाव बेटावरच्या एका दगडी हत्तीवरून पडलं. तो हत्ती आज बेटावर नाही. आणि हे नाव ज्या ग्रीक शब्दापर्यंत जाऊन पोचतं, तो शब्द ग्रीकांनी पहिल्यांदा लिहून ठेवला तेव्हा त्यांच्या देशात हत्ती नावाचं जनावरच नव्हतं. उरण तालुक्यातल्या एका बेटाच्या नावामागे अशी तीन हजार वर्षांची हकिकत आहे. तिच्यात कारकून आहेत, सेनापती आहेत, खलाशी आहेत, पोर्तुगीज वैद्य आहे. हत्ती मात्र बराच उशिरा येतो.

ग्रीक शब्द ‘एलेफास’. षष्ठीत तो ‘एलेफांतोस’ होतो. या रूपातून लॅटिनचा ‘एलेफांतुस’, पोर्तुगीजांचा ‘एलेफांते’ आणि इंग्रजांचा ‘एलिफंट’ निघाला. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुविशारदाने ‘लिनिअर बी’ नावाची जुनी लिपी उलगडली, तेव्हा या शब्दाचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं रूप हाती लागलं. दक्षिण ग्रीसमधल्या पायलोसचा राजवाडा इ.स.पू. १२०० च्या आसपास जळाला. कच्च्या मातीच्या पाट्यांवर लिहिलेलं तिथलं दफ्तर त्या आगीत भाजून पक्कं झालं, म्हणूनच ते टिकलं. दफ्तर टिकवण्यासाठी राजवाडा जळावा लागणं हा इतिहासाचा नेहमीचाच व्यवहार. या पाट्यांवर राजवाड्यातल्या सामानाच्या याद्या आहेत. टेबलं किती, खुर्च्या किती, पाय टेकायचे चौरंग किती, कशावर काय जडवलेलं आहे. त्यात ‘ए-रे-पा’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. अर्थ सरळ आहे: हस्तिदंत. यादी करणाऱ्या कारकुनाला जनावराशी काही कर्तव्य नव्हतं. त्याच्या लेखी ‘एलेफास’ म्हणजे जहाजातून उतरणारा, पांढरा, गुळगुळीत आणि महाग माल.

होमरच्या महाकाव्यांतही हीच गत. ‘इलियड’मध्ये घोड्याच्या गालपट्टीचा हस्तिदंत रंगवणारी बाई आहे, ‘ओडिसी’मध्ये खोट्या स्वप्नांचं हस्तिदंती दार आहे. हत्ती दोन्हींत कुठेच नाही. इ.स.पू. ४३८ मध्ये अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये फिडियसने घडवलेली अथीनाची प्रचंड मूर्ती बसली. तिचं अंग हस्तिदंताचं होतं आणि वस्त्र सोन्याचं. ऑलिम्पियाचा झ्यूसही तसाच. ज्या जनावराचे दात कापून देवांचे चेहरे घडले, ते जनावर त्या देवांसमोर हात जोडणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी पाहिलं असेल.

हा शब्द ग्रीकांचा स्वतःचा नाही एवढं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे मात्र वाद आहेत. हित्ती भाषेत हस्तिदंताला ‘लाह्पा’सारखा शब्द होता. जुन्या इजिप्तमध्ये हत्तीला आणि हस्तिदंताला मिळून ‘आबू’ म्हणत आणि लॅटिनचा ‘एबुर’ म्हणजे हस्तिदंत त्याच घराण्यातला दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या काही पंडितांना आपला ‘इभ’ आठवला. संस्कृतमध्ये इभ म्हणजे हत्ती. मग त्याला अरबी ‘अल्’ जोडून ‘अल्-इभ’ आणि त्यातून ‘एलेफ’ अशी सोयिस्कर व्युत्पत्ती त्यांनी मांडली. ऐकायला गोड असली तरी आज ती फारशी कोणी मानत नाही. ऋग्वेदातल्या ‘इभ’चा अर्थ हत्ती की राजाचा परिवार, यावरच एकमत नसताना त्याला भूमध्य समुद्रापर्यंत ताणणं धाडसाचंच आहे. मला पटतं ते इतकंच की शब्द मालाबरोबर आला. सीरिया किंवा इजिप्तच्या बंदरात विकणाऱ्याने जे नाव सांगितलं, ते घेणाऱ्याने आपल्या जिभेला जमेल तसं उचललं.

इजिप्तमध्ये अस्वानजवळ नाईलच्या पात्रात एक बेट आहे. तिथले लोक त्यालाही ‘आबू’च म्हणत. दक्षिणेकडून येणारा हस्तिदंत तिथे उतरायचा. ग्रीकांनी त्या नावाचं भाषांतर करून बेटाला ‘एलेफांतिने’ म्हटलं. म्हणजे एकाच ग्रीक शब्दाची दोन बेटं जगात आहेत, एक नाईलमध्ये आणि एक मुंबई बंदरात. एलेफांतिनेवर इ.स.पू. पाचव्या शतकात ज्यू शिपायांची वसाहत होती, त्यांचं मंदिरही होतं. नवगावला गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले असं सांगणाऱ्या आपल्या बेने इस्रायलांशी या वसाहतीचा संबंध जोडायचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

आपल्याकडे सगळा क्रमच उलटा. ‘हस्तिन्’ म्हणजे हात असलेला. त्यावरून प्राकृत ‘हत्थी’ आणि मराठी ‘हत्ती’. हा शब्द घडवणाऱ्याने जनावर जवळून पाहिलं होतं. सोंडेने फांदी मोडताना, पाणी ओढताना, पिलाला पुढे ढकलताना पाहिलं होतं. आधी जनावराला नाव मिळालं आणि त्याच्या दाताला ‘हस्तिदंत’ हे नाव मागून, हत्तीवरूनच. ग्रीकांनी दाताचं नाव जनावराला दिलं, आपण जनावराचं नाव दाताला. ज्याच्या दारात हत्ती आहे आणि ज्याच्या दारात फक्त हत्तीचा माल येतो, त्यांच्या भाषा अशा वेगळ्या होतात.

इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटसने ‘एलेफास’ हा शब्द जनावरासाठी वापरला, तोही आफ्रिकेतल्या लिबियाच्या संदर्भात. त्याच्या भारतात सोनं उकरून काढणाऱ्या मुंग्या आहेत, पण हत्ती नाहीत. पुढे इराणच्या दरबारात राहिलेल्या क्टेसियस या ग्रीक वैद्याने भारतातल्या युद्धहत्तींबद्दल लिहिलं. त्याच्या लिखाणात तिखटमीठ इतकं की खरं कुठे संपतं ते सांगणं कठीण. शेवटी हत्ती ग्रीकांना भेटला तो रणांगणावर. इ.स.पू. ३३१ मध्ये गौगामेलाला अलेक्झांडरसमोर उभ्या ठाकलेल्या इराणच्या दारियसच्या सैन्यात १५ हत्ती होते. पाच वर्षांनी झेलमच्या काठी पोरस उभा राहिला तेव्हा, एरियन या इतिहासकाराच्या मते, २०० हत्ती होते. मालाच्या यादीतला शब्द असा सोंड उचलून अंगावर आला.

त्यानंतर हत्तींचं वेडच लागलं. इ.स.पू. ३०३ च्या सुमारास अलेक्झांडरच्या सेल्यूकस या सेनापतीने चंद्रगुप्त मौर्याशी तह केला, सिंधूपलीकडचा मोठा मुलूख सोडला आणि बदल्यात ५०० हत्ती घेतले. दोनच वर्षांत इप्ससच्या लढाईत त्याला या हत्तींचा उपयोग झाला आणि अलेक्झांडरच्या साम्राज्याची वाटणी पक्की झाली. याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. ग्रीकांना माहुतासाठी शब्द नव्हता. हत्तीवर बसणारा पहिला माणूस त्यांनी भारतीय पाहिला, म्हणून माहूत कुठलाही असो, त्याला ते ‘इंदोस’ म्हणजे ‘भारतीय’च म्हणू लागले. आफ्रिकेतल्या हत्तीवर आफ्रिकेतला माणूस बसला तरी तो इंदोसच.

आपणही यात मागे नव्हतो. ‘यवन’ हा आपला शब्द आयोनियन या आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या एका ग्रीक जमातीचा. इराण्यांनी त्यांना ‘यौन’ म्हटलं, त्यांच्याकडून तो आपल्याकडे आला आणि सगळेच ग्रीक यवन झाले. पुढे पश्चिमेकडून येणारा जो तो यवनच ठरला. जो आधी भेटला त्याचं नाव सगळ्यांना.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लुस’ लिहिला. पेरिप्लुस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेली सफर, अर्थात खलाशांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं मार्गदर्शन. नर्मदेच्या मुखावरच्या बॅरिगाझाहून, म्हणजे भडोचहून, निघून तो दक्षिणेकडे येतो. कल्याणला ‘कल्लिएना’ म्हणतो आणि गाऱ्हाणं मांडतो की आधीच्या सारगनस राजाच्या वेळी हे रीतसर बंदर होतं, पण सांदनेसच्या हाती आल्यापासून तिथे अडवणूक फार. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे गेलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात. त्यानंतर तो भराभर नावं घेतो. त्यातलं ‘सेमिल्ला’ म्हणजे आपलं चौल. ‘मांदागोरा’ म्हणजे राजपुरी खाडीवरचं मांदाड असावं, जिथे समोरच्या डोंगरात कुड्याची लेणी आहेत. एका शतकाने टॉलेमी या भूगोलकाराने याच चौलला ‘सिमिल्ला’ म्हटलं आणि तिथले लोक त्याला ‘तिमुला’ म्हणतात अशी पुस्तीही जोडली. चौलच्या माणसांनी काय म्हणायचं ते टॉलेमीने निदान विचारलं तरी होतं.

या पुस्तकात ‘एलेफास’ दोन तऱ्हांनी येतो, आणि एका ठिकाणी तर एकमेकांना लागून. भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत तो आहे. जटामांसी, गुग्गुळ, अकीक, मलमल, पिंपळी आणि ‘एलेफास’. इथे अर्थ हस्तिदंत. लगेच पुढे ‘दखिनाबदेस’ म्हणजे दक्षिणापथाचं वर्णन सुरू होतं. घाटावरच्या रानात चित्ते, वाघ, अजस्र साप, तरस आणि ‘एलेफास’ आहेत असं तो सांगतो. इथे अर्थ हत्ती. दात आणि जनावर यांची एकाच पोथीत, एका पानाच्या अंतराने गाठ पडते. पायलोसच्या कारकुनापासून इथवर यायला या शब्दाला बाराशे वर्षं लागली.

हत्ती खरोखरच जवळ होते का? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुठले हत्ती चांगले याची प्रतवारी आहे. कलिंग आणि अंगाचे उत्तम, सौराष्ट्राचे हलके, आणि अपरांताचे मध्यम. अपरांत म्हणजे उत्तर कोकण. आज रायगडात रानहत्तीचा मागमूस नाही, पण एकेकाळी या भागाचे हत्ती ‘मध्यम’ म्हणून का होईना, यादीत होते. हस्तिदंताचं काम घाटावर चालायचं. १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहरात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इ.स. ७९ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडली गेलेली आणि उघडउघड भारतीय. पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात त्याच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, आणि पाँपेईची बाई भोकरदनची असावी असं मत अभ्यासकांनी मांडलं. पटण्यासारखं आहे. मराठवाड्यातून पैठण, जुन्नर, नाणेघाट करत कल्याण-सोपाऱ्याला किंवा वरच्या वाटेने भडोचला जाणारा रस्ता तेव्हा वाहता होता.

बोरघाटाच्या माथ्यावर कार्ल्याचं चैत्यगृह आहे. तिथल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांनी दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत. त्याच चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंच्या भिंतींतून दगडी हत्तींची अर्धी शरीरं बाहेर आली आहेत, आणि त्यांना पूर्वी खरे हस्तिदंत बसवलेले असावेत असं मानतात. यवनांनी दान केलेले खांब आणि दात लावलेले दगडी हत्ती, दोन्ही एका छपराखाली.

घारापुरीही या व्यवहारापासून अलग नव्हती. बेटाच्या मोरा बंदराच्या बाजूला विटांचा बौद्ध स्तूप आहे. किनाऱ्यावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या अँफोरांच्या, म्हणजे दोन कानांच्या, बुडाला निमुळत्या रांजणांच्या खापऱ्या सापडल्या आहेत. त्यांतून दारू आणि तेल यायचं. ‘एलेफास’ म्हणणारी माणसं इथल्या पाण्यात येऊन गेली यात शंका नको. त्यांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं नाही. ते काम पंधराशे वर्षांनी दुसऱ्यांनी केलं.

मधल्या काळात या पाण्यावर आपल्याच एका कवीने हत्ती पाहिले. ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर इ.स. ६३४ चा शिलालेख आहे. रविकीर्तीने रचलेली ही दुसऱ्या पुलकेशी या चालुक्य राजाची प्रशस्ती. कोकणचे मौर्य हरवून पुलकेशीने पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणावी अशा ‘पुरी’वर आरमार नेलं, आणि ती शेकडो जहाजं मदमस्त हत्तींच्या कळपांसारखी दिसत होती, असं रविकीर्ती सांगतो. ही पुरी म्हणजे घारापुरी असं काही अभ्यासक म्हणतात, तर काही मुरुडजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात. दोन्ही रायगड जिल्ह्यातच आहेत, तेव्हा भांडण घरातलंच. मोठी लेणी त्याआधीची, सहाव्या शतकातली. कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाची नाणी बेटावर मिळाली आहेत आणि लेणी त्याच्याच काळातली असावीत असा बऱ्याच अभ्यासकांचा कौल आहे. आतल्या भिंतीवर तीन मुखांचा सदाशिव आहे. बाहेर, बेटाच्या दक्षिणेला, राजबंदराच्या धक्क्यापासून थोडं वर उतारावर एका अखंड काळ्या दगडातून कोरलेला हत्ती उभा होता. लांबी साधारण १३ फूट, उंची सव्वासात-साडेसात फूट. पाठीवर आणखी एक लहान प्राणी होता. तो हत्तीचं पिल्लू की वाघ, यावर पाहणाऱ्यांची भांडणं होती.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा तह केला आणि वसई, मुंबई व आसपासची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य इथे आला आणि त्याने हे लेणं पाहिलं. मुंबई बेट पुढे त्याच्याकडेच खंडाने होतं. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात भारतातल्या औषधी द्रव्यांची चर्चा आहे, आणि त्यात हस्तिदंत आणि हत्ती यांवर एक अख्खा संवाद आहे. हत्तीला कोण काय म्हणतं तेही तो सांगतो: अरबीत फील, दख्खनमध्ये हाती. त्याच ग्रंथात या लेण्याचंही वर्णन येतं. ते चिन्यांनी कोरलं असं काही जण म्हणतात, हेही तो नोंदवतो. हत्तीचं इथलं नाव ज्याला ठाऊक होतं, बेट ज्याच्या मुंबईच्या समोर होतं, त्याच्या देशबांधवांनी बेटाला दिलेलं नाव मात्र ‘एलेफांते’.

का, याचं उत्तर राजबंदरात आहे. पोर्तुगीज होड्या तिथे लागायच्या. धक्क्यावर उतरून वर पाहिलं की पहिली दिसायची ती हत्तीची आकृती. सदाशिव बघायला डोंगर चढून जावं लागायचं. नाव देणारा माणूस बहुधा होडीतच नाव देऊन मोकळा होतो. बेटावरच्या लोकांना विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिन्शोटेन या डच प्रवाशाने ते ऐकलंही आणि ‘पोरी’ असं लिहून ठेवलं. पुरीची पोरी झाली तरी ओळखू येते.

पोर्तुगीजांनी नाव दिलं, तसं एक अक्षर पळवलंही. दिओगो दो कौतो हा त्यांचाच बखरकार लिहितो की लेण्याच्या दारावर एक कोरीव शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालला राजा तिसऱ्या जोआंवकडे पाठवला. राजाने तो वाचून घ्यायचा प्रयत्न केला, कोणाला वाचता आला नाही, आणि दगडही हरवला. हे लेणं कोणी, केव्हा, कोणासाठी कोरलं याचं उत्तर बहुधा त्या दगडावर होतं. हत्तीवरून बेटाला नाव मिळालं आणि बेटाची स्वतःची साक्ष लिस्बनच्या वाटेवर गेली. पोर्तुगीज शिपायांनी मूर्तींची केलेली नासधूस सगळे सांगतात. मला या एका दगडाचं नुकसान जास्त वाटतं.

पुढे इंग्रज मुंबईला आले आणि बेटाची वारी हा मुंबईच्या गोऱ्या साहेबांचा रिवाज झाला. १६७० च्या दशकात जॉन फ्रायर या डॉक्टरने पाठीवर पिल्लू घेतलेला दगडी हत्ती पाहिला, आणि थोड्या अंतरावर पोटापर्यंत जमिनीत गेलेला एक दगडी घोडाही. घोडा पुढे नाहीसा झाला. १७१२ मध्ये कॅप्टन पाइकने हत्तीचं चित्र काढलं. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला, त्यानंतर हा टापू मराठ्यांकडे होता. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेतला कार्स्टेन नीबूर १७६४ मध्ये बेटावर आला, तो मराठ्यांच्या अमलातल्या बेटावर. त्याने लेण्यांची मापं घेतली, नकाशे काढले आणि ते युरोपात छापले. ‘एलिफंटा’ हे नाव विद्वानांच्या जगात पक्कं झालं ते अशा पुस्तकांमुळे. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीबरोबर हेही बेट घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिलं.

१८१४ च्या सप्टेंबरात, पावसाळ्याच्या अखेरीस, हत्तीचं डोकं आणि मान गळून पडली. पुढे धडही खचलं. पन्नास वर्षं तो ढिगारा तसाच राहिला. १८६४ मध्ये त्याचे तुकडे उचलून भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणले. हत्ती इंग्लंडला न्यायचा बेत होता, उचलताना क्रेन मोडली आणि हत्ती फुटला, अशी गोष्ट मुंबईत हमखास ऐकायला मिळते. बेत असेलही. त्या काळात काय काय उचलून नेलं गेलं ते आपल्याला ठाऊक आहे. पण हत्ती क्रेनने फोडला हे मला पटत नाही, कारण १८१४ लाच त्याचं डोकं जमिनीवर होतं. ही गोष्ट लोकांना आवडते, कारण तिच्यात दोषी कोण ते लगेच सापडतं. कोकणातला पाऊस आणि दीडशे वर्षांचं दुर्लक्ष यांच्यावर खटला भरता येत नाही. एवढं मात्र खरं की जो शब्द मालाच्या यादीत जन्मला, त्या शब्दाने नाव मिळालेला हत्तीही शेवटी माल म्हणूनच हलवला गेला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते तुकडे जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. व्हिक्टोरिया गार्डन आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं आहे. अस्सल मुंबईकराची ती राणीची बाग. हत्ती तिथेच, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी उभा आहे. अंगावरचे सांधे दिसतात. १८७२ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयाला १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव देण्यात आलं. पेडण्यातल्या मांद्र्याचे हे वैद्य जुने शिलालेख वाचण्यात निष्णात होते. घारापुरीचा तो हरवलेला दगड तीनशे वर्षं थांबला असता तर वाचणारा माणूस मुंबईतच होता.

लेण्यांवरचं जेम्स बर्जेसचं १८७१ चं पुस्तक शीर्षकातच ‘एलिफंटा किंवा घारापुरी’ अशी दोन्ही नावं देतं. १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली ती फक्त ‘एलिफंटा’ म्हणून. बेटावर मात्र शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावं आहेत, ग्रामपंचायत घारापुरीची आहे, आणि जिल्हा आधी कुलाबा होता, १९८१ पासून रायगड आहे. जगभर नाव गाजणाऱ्या या बेटाला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती थेट २०१८ च्या फेब्रुवारीत. बेटाचं नाव ठरवायला बाहेरच्यांनी केलेली घाई आणि बेटावर दिवा लावायला आपण केलेला उशीर, दोन्ही सारखेच ठळक आहेत.

नाव बदलण्याची मागणी अधूनमधून होते. माझं मत विचाराल तर पाटीवर ‘घारापुरी’ आधी आणि मोठ्या अक्षरांत असावं, ‘एलिफंटा’ त्याखाली राहू द्यावं. पायलोसच्या कारकुनापासून राजबंदरच्या होडीपर्यंतचा प्रवास त्या शब्दात आहे आणि तो आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाचा भाग आहे. आज लाँच गेटवेहून सुटून बेटाच्या शेतबंदरच्या बाजूला लागते. राजबंदरचा तो जुना उतार वाटेत येत नाही. म्हणून जाणार असाल तर आधी भायखळ्याला जाऊन हत्ती बघा, मग बेट. राणीची बाग बुधवारी बंद असते आणि घारापुरीची लेणी सोमवारी.